तारखांचा रकाना एक ओळ वर

वासुदेव आरोलकर वेंगुर्ल्याहून दुबईला आले ते बोटांच्या जोरावर. मिनिटाला साठ शब्द, आणि तेही कळफलकाकडे न बघता. १९८१ साली तिथल्या देरा भागातल्या एका बांधकाम कंपनीने त्यांना टाइपरायटरवर बसवलं. पुढची चौदा-पंधरा वर्षं त्यांच्या मशीनची टकटक थांबली, तर शेजारच्या खोलीतली माणसं मान वर करून बघत.

मग कंपनीत कॉम्प्युटर आले आणि आरोलकरांची सगळी शान गेली. टाइप करायला त्यांना काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती माउसची. तो बाण त्यांना हवा तिथे थांबत नसे. एका चौकटीवर क्लिक करायला जावं तर शेजारचीच काळी होई. पन्नाशीला टेकलेला माणूस, श्वास रोखून हात टेबलावर घासतोय, हे दृश्य त्यांना स्वतःलाच बघवत नसे.

१९९९च्या सप्टेंबरात नोटीस लागली. कर्मचारी विभागात दोन कारकून आहेत, नव्या वर्षापासून एक पुरेल. दोन म्हणजे आरोलकर आणि जैनब. जैनब मूळची हैदराबादची, पण शारजात वाढलेली, चोवीस वर्षांची मुलगी. आरोलकर ज्या कामाला तास लावत, ते ती वीस मिनिटांत करून चहा प्यायला जाई.

नोटीस वाचून आरोलकर जागेवर येऊन बसले. त्यांच्या व्हिसावर बायकोचा व्हिसा होता आणि मुलीचाही. नोकरी गेली की महिन्याभरात तिघांनाही देश सोडावा लागणार. मुलगी पर्णिका दहावीला होती, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. जानेवारीत दहावीच्या मुलीला घेऊन वेंगुर्ल्यात उतरायचं, तर तिला कुठली शाळा घेणार?

घरी त्यांनी फक्त कुमुदला सांगितलं. शारजातल्या रोला भागात एका बेडरूमचं घर. बाहेरच्या खोलीत पर्णिका अभ्यास करत होती, म्हणून दोघं स्वयंपाकघरात हळू बोलत होते.

"अहो, पण हमीदभाई आहेत ना? ते तर आपले कोकणातले."

"खेडचे. पण मॅनेजर आहेत ते. अरबाब सांगेल तसं करणार." अरबाब म्हणजे कंपनीचा मालक.

"मग तुम्हीही शिका की त्या पोरीसारखं."

"या वयात?"

"का? बोटं म्हातारी झाली का तुमची?"

बाहेरून पर्णिका ओरडली, "Baba, are you guys fighting?"

"नाही गं, भाजी करपली," कुमुद म्हणाली. गॅसवर भाजी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आरोलकरांनी धीर करून जैनबलाच विचारलं. जिच्यामुळे आपली नोकरी जायची, तिलाच शिकवायला सांगायची वेळ आली होती. तिने डबा बाजूला सारला, त्यांच्या हाताखालून माउस उचलला आणि सरळ ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला.

"अंकल, इसको भूल जाओ. आप तो टाइपिस्ट हो ना? सब कुछ उंगलियों में है. मैं खुद इसको हाथ नहीं लगाती."

आणि खरंच, ती माउसला हात लावत नसे हे आरोलकरांच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने दाखवलं. कंट्रोल दाबून खालचा बाण दाबला की थेट रकान्याच्या शेवटी. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख. शिफ्ट आणि स्पेसबार दाबला की पूर्ण ओळ निवडली जाते, मग कंट्रोल आणि वजा, की ती ओळ गायब. आणि दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस, म्हणजे केलेलं काम साठवलं जातं.

आरोलकरांची बोटं हे सगळं आठवड्यात शिकली. वेंगुर्ल्याच्या टायपिंग क्लासात मास्तरांनी डोळ्यांवर रुमाल बांधून घेतलेला सराव अजून हाडांत होता. पंधरा दिवसांत ते जैनबच्या वेगाला आले. जैनब हसून म्हणाली, "या अल्ला, अंकल तो मेरी ही छुट्टी करवा देंगे." ती चेष्टा होती, पण आरोलकरांना ती ऐकून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

त्यांच्याकडे एकच मोठी यादी होती, पण कंपनीचा सगळा कारभार तिच्यावर चाले. कंपनीचे तीनशे सत्तेचाळीस कामगार, एकेका ओळीत एकेक माणूस. फाइल नंबर, नाव, काम, पासपोर्ट नंबर आणि शेवटच्या रकान्यात व्हिसा संपण्याची तारीख. कामगारांचे पासपोर्ट कंपनीतच एका लोखंडी कपाटात असत, पण ते कोण उघडून बघतो? यादी बघायची, तारीख जवळ आली की नूतनीकरणाला द्यायचं. कामगाराला रजेवर सोडायचं का, तेही यादीवरूनच ठरे. माणूस गावी असताना त्याचा व्हिसा संपला, तर तो विमानतळावरून परत आत येऊ शकत नाही. नोकरी खलास.

दोन ऑक्टोबरला सकाळी राजस्थानचा एक गवंडी नोकरी सोडून कायमचा गावी गेला. त्याची ओळ काढायची होती, एकशे तेरावी. आरोलकर त्या ओळीच्या तारखेच्या चौकटीत उभे होते. इतक्यात हमीदसाहेब येऊन त्यांच्या खुर्चीमागे थांबले. नोटीस लागल्यापासून ते असे येऊन उभे राहत, मनगटावरचं घड्याळ बघत. बोटं धावली. कंट्रोल, वजा. पडद्यावर काहीतरी विचारणा आली, ती न वाचताच एंटर.

नाव तिथेच होतं. शिफ्ट-स्पेसबार दाबून ओळ निवडायला ते विसरले होते. मागे हमीदसाहेबांनी घसा साफ केला. आरोलकरांनी घाईने पुन्हा केलं, या वेळी बरोबर. शिफ्ट-स्पेसबार, कंट्रोल, वजा. ओळ गेली. कंट्रोल-एस.

"चांगला स्पीड आलाय, वासुदेव," हमीदसाहेब म्हणाले आणि गेले.

दिवसभर आरोलकर हलके होते. गुरुवारी त्यांनी नेहमीप्रमाणे यादीची नक्कल फ्लॉपीवर उतरवली. फ्लॉपी एकच होती, दर गुरुवारी जुन्या नकलेवर नवी.

सोळा ऑक्टोबर, शनिवार. सव्वाअकरा वाजले होते. नव्या आलेल्या एका फिटरचं नाव यादीच्या तळाशी घालायचं होतं. आरोलकरांनी नावांच्या रकान्यात कंट्रोल आणि खालचा बाण दाबला, पुढच्या रिकाम्या ओळीत नाव टाइप केलं. मग तारखांच्या रकान्यात जाऊन तेच दाबलं. बाण थांबला तो नव्या नावापासून दोन ओळी वर. एक ओळ वर थांबायला हवा होता.

त्यांना वाटलं, शेवटच्या माणसाची तारीख घालायची राहून गेली असेल. ते कपाटाकडे गेले, त्या माणसाचा पासपोर्ट काढला, व्हिसाचा शिक्का उघडला. ती तारीख यादीत होती. वरच्या माणसासमोर.

आरोलकर तिथेच उभे राहिले. मग त्यांनी वरच्या माणसाचा पासपोर्ट काढला. त्याची तारीख त्याच्याही वरच्यासमोर. तीनशेवा काढला. तोही. दोनशेवा, तोही. एकशे पन्नासावा, तोही. शंभरावा मात्र बरोबर होता.

एकशे तेरा. त्यांना सगळं आठवलं. पहिल्यांदा जे दाबलं होतं ते वाया गेलं नव्हतं. फक्त ती एक चौकट गेली होती आणि तिच्याखालच्या सगळ्या तारखा एकेक ओळ वर सरकल्या होत्या. दोनशे चौतीस माणसं, प्रत्येकासमोर त्याच्या पुढच्याची तारीख. दोन आठवडे कंपनी त्या तारखांवर चालली होती, आणि फ्लॉपीवरही आता त्याच होत्या.

यादी दुरुस्त होईल, पासपोर्ट कपाटातच आहेत, कुणाला कळायच्या आत होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांना रजांची वही आठवली. गेल्या दोन आठवड्यांत रजेवर कोण सोडलं? एकच नाव. किसन मांडवकर, सुतार, फाइल एकशे सत्तर, उम्म अल कुवैनला कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पवर राहणारा. दोन महिने रजा. यादीत तारीख होती दोन मार्च. किसनची खरी तारीख वरच्या माणसासमोर होती, चार नोव्हेंबर.

किसनचं विमान आज साडेतीनला होतं. त्याचा पासपोर्ट कपाटात नव्हता. सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कागदपत्रं फिरवणारा खैरुद्दीन तो सकाळीच घेऊन गेला होता, विमानतळावर किसनच्या हातात द्यायला.

आरोलकरांना किसन चांगला आठवत होता. रजेचा अर्ज भरायला आला तेव्हा त्याने खिशातून फोटो काढून दाखवला होता. मुलगी दोन वर्षांची, तिला त्याने अजून पाहिली नव्हती. "दिवाळी घरी, साहेब," म्हणाला होता.

आता गप्प बसलं तर काय होईल? किसन जाईल. डिसेंबरात परत येईल आणि विमानतळावर अडकेल. तेव्हा चौकशी होईल, पण तोवर यादी दुरुस्त झालेली असेल. काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. आरोलकरांनी हा विचार पूर्ण केला, आणि तो आपण पूर्ण केला याचीच त्यांना भीती वाटली.

ते उठून हमीदसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

हमीदसाहेबांनी समोरची फाइल बंद केली. मग म्हणाले, "किती ओळी?"

"दोनशे चौतीस."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही, साहेब. साहेब, किसनला आज थांबवू या. पंधरा दिवसांत व्हिसा करून होईल. एक तारखेचं तिकीट दिलं तर दिवाळी सापडेल त्याला."

"तिकीट बदलायला अरबाबची सही लागते. अरबाब विचारणार, का बदलतोस? काय सांगू?" हमीदसाहेबांनी रजांची वही पुढे ओढली, किसनचं पान उघडलं आणि खाली बोट ठेवलं. "ही सही कोणाची आहे?"

सही हमीदसाहेबांची होती.

"मी न बघता केली. तुझ्यावर भरवसा टाकून केली. तुला बारा वर्षांपूर्वी या विभागात कोणी आणला? मीच ना? आता तू माझ्याच गळ्यात दोरी घालतोस?" आवाज चढत होता, पण त्या आवाजाखालची भीती आरोलकरांनी ओळखली, त्यांची स्वतःचीही तीच होती. "जाऊ दे त्याला. यादी दुरुस्त कर, संध्याकाळपर्यंत. गप बस. त्याला गावात काम मिळेल."

"साहेब, मी निदान त्याला सांगून येतो. चार तारखेच्या आत परत ये म्हणून. त्याला सही लागत नाही. मुंबईतल्या विमान कंपनीच्या ऑफिसात तो स्वतः परतीची तारीख अलीकडे घेऊ शकतो."

"आणि तो कॅम्पवर येऊन सगळ्यांना सांगेल, का आलो ते." हमीदसाहेब उभे राहिले. "वासुदेव, एअरपोर्टला गेलास तर नव्या वर्षाचा विचार मला करावा लागणार नाही. समजलं? तुझी पोरगी दहावीला आहे म्हणतोस ना?"

आरोलकर केबिनच्या बाहेर आले. जैनबने वर पाहिलं. "अंकल, तबीयत ठीक है?"

त्यांनी मान हलवली. जागेवर बसले. यादी समोर उघडी होती. त्यांनी एकशे चौदाव्या माणसाचा पासपोर्ट नंबर कागदावर लिहून घेतला, आणि पेन हातात धरून दहा मिनिटं बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. मग ते उठले, जैनबला म्हणाले, "मैं एअरपोर्ट जा रहा हूँ. कोई पूछे तो यही बोलना," आणि जिना उतरून टॅक्सीला हात केला.

देराहून विमानतळ दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत त्यांना दोनदा वाटलं, टॅक्सी वळवायला सांगावी. एकदा त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पठाण ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "बोलो भाईसाब?" तेव्हा ते "कुछ नहीं, यल्ला, चलो," एवढंच म्हणाले.

किसन बाहेरच्या रांगेत सापडला. नवा शर्ट, दोरीने बांधलेला खोका, त्यावर मोठ्या अक्षरांत गावचा पत्ता. खैरुद्दीन त्याच्या हातात पासपोर्ट देऊन नुकताच निघून गेला होता.

"काय वो साहेब, तुमी हितं? कोण चाललाय?"

आरोलकरांनी त्याला बाजूला घेतलं. पासपोर्ट मागून घेतला, शिक्का उघडला आणि तारखेवर बोट ठेवलं. किसनला मराठी वाचता येई, इंग्रजी नाही.

"किसन, तुझा व्हिसा चार नोव्हेंबरला संपतोय. मार्चमध्ये नाही. त्याच्या आत इथे उतरला नाहीस तर तुला कायमचं बाहेर ठेवतील."

किसन हसला. साहेब थट्टा करतायत असं त्याला वाटलं असावं. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजे... किती दिस?"

"अठरा. परतीची तारीख मुंबईत उतरल्यावर लगेच बदलून घे."

"म्हंजे दिवाळी नाय."

"नाही."

"चुकी कोणाची?"

"माझी."

"मशीनची आसंल."

"नाही रे. माझी. माझ्या हातून झाली."

किसनने खोका खाली ठेवला. "दोन वर्सं, साहेब," तो म्हणाला, आणि मग एकदम मोठ्याने, "दोन वर्सं मी लाकडं तासतोय उन्हात, आनि तुमी एसीत बसून एक तारीख नीट लिवत नाय?" रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

थोड्या वेळाने किसन शांत झाला. "लिवून द्या," तो म्हणाला. "मराठीत. आठ दिसांनी माजीच मानसं म्हनतील, ऱ्हा दिवाळीपर्यंत, काय होत नाय. मग मी कोनाचं ऐकू?"

आरोलकरांनी खिशातून पेन काढलं आणि रजेच्या कागदाच्या मागे लिहिलं: व्हिसा ४ नोव्हेंबर १९९९ रोजी संपतो. त्याआधी दुबईत परत उतरणे. कंपनीच्या यादीत चुकीने मार्च लिहिले गेले होते.

"खाली नाव टाका. तुमचं."

पेन थांबलं. बोललेलं हवेत जातं, पण हा कागद राहील. हा कागद कुणाच्याही हातात पडला, तर चूक कोणाची हे विचारायची गरज उरणार नाही. पर्णिका आत्ता शाळेच्या बसमध्ये असेल. किसन कागदाकडे बघत वाट पाहत होता. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वासुदेव शांताराम आरोलकर, आणि सही केली.

किसनने कागद घडी करून पासपोर्टमध्ये ठेवला, खोका उचलला आणि मागे न बघता आत गेला.

संध्याकाळी घरी त्यांनी कुमुदला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सामान बांधायला घेऊ का?" त्यांनी "थांब" म्हटलं. तिने तरीही माळ्यावरच्या बॅगा खाली काढून पुसून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी हमीदसाहेब त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आरोलकरांनी जैनबला खरं काय ते सांगून टाकलं, आणि ती पासपोर्ट वाचत गेली, ते यादी सुधारत गेले. चार दिवसांत दोनशे चौतीस ओळी झाल्या. प्रत्येक वेळी केबिनचं दार उघडलं की आरोलकरांना वाटे, आता. फोन वाजला की वाटे, आता.

किसन दोन नोव्हेंबरला परत आला. कॅम्पवरून कामावर गेला. दिवाळीत आरोलकरांनी त्याच्यासाठी चकल्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा परत आला, निरोप काही आला नाही.

पत्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडलं. आरोलकरांनी ते स्वच्छतागृहात जाऊन उघडलं. नोकरीवरून काढलं नव्हतं. उम्म अल कुवैनच्या कॅम्प ऑफिसात बदली केली होती, पगार तोच, व्हिसा तोच. कारण एकच ओळीत दिलं होतं, प्रशासकीय. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि त्या कारणामागून रजांच्या वहीतली हमीदसाहेबांची सही निघाली असती, हे आरोलकरांना पत्राखालच्या त्यांच्या सहीकडे बघता बघता समजलं. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

यादी जैनबकडे गेली. आरोलकर रोज पहाटे शारजाहून कंपनीच्या बसने उम्म अल कुवैनला जाऊ लागले. पत्र्याची केबिन, एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि प्रत्येक कामगाराच्या व्हिसाच्या पानाची झेरॉक्स लावलेली फाइल. हमीदसाहेबांचा फोन आला की ते अजूनही खुर्चीतून उठून उभे राहत. पर्णिकाचा शेवटचा पेपर होईपर्यंत उठत राहिले.

जानेवारीतल्या एका गुरुवारी काम सुटल्यावर केबिनचं दार वाजलं. दारात किसन होता आणि त्याच्यामागे सहा-सात जण, अंगावर सिमेंट तसंच.

आरोलकर उभे राहिले. त्यांना वाटलं, आता हे भांडणार.

"बसा साहेब," किसन म्हणाला. "ह्या सगळ्यांच्या तारखा वाचून दावा. तुमच्या त्या यादीवरनं नको. शिक्क्यावरनं."

आरोलकरांनी फाइल उघडली, पहिल्या माणसाचं पान काढलं.

"हळू वाचा," किसन म्हणाला.